पांढऱ्याशुभ्र भाताची किंमत

आजच्या भागाचा विषय बहुतेक तुमच्या डब्यातच असेल. भात.

भाताबद्दल बोलायचं म्हटलं की हल्ली दोनच गट दिसतात. एक गट म्हणतो, भात सोडा, पोट सुटतं. दुसरा म्हणतो, आमच्या आजोबांनी जन्मभर भात खाल्ला, काय झालं त्यांना? रील्सवर हे भांडण रोज चालू असतं. मी आज त्यात पडणार नाहीये. मी तुम्हाला एक आकडा सांगतो आणि तिथून गोष्ट सुरू करतो.

१९०४-०५ साली रशिया आणि जपान यांच्यात युद्ध झालं. जपान जिंकला, सगळं जग थक्क झालं. शाळेत आपण एवढंच शिकलो. पण त्या युद्धात जपानी लष्कराचे अडीच लाखांच्या आसपास सैनिक एकाच आजाराने आडवे पडले आणि त्यातले २७ हजारांहून जास्त मेले. लढाईत मेले साधारण ४७ हजार. म्हणजे रशियन तोफांनी जेवढे मारले, त्याच्या निम्म्याहून जास्त एका आजाराने मारले.

आजाराचं नाव बेरीबेरी. आणि कारण? लष्कर सैनिकांना देत होतं तो पांढराशुभ्र भात.

आता खरा त्रास देणारा भाग. त्याच देशाच्या नौदलाने हाच आजार वीस वर्षं आधी जवळजवळ संपवला होता. उपाय माहीत होता, आकडे समोर होते, तरी २७ हजार माणसं गेली. का? आजचा भाग या ‘का’बद्दल आहे.

दाण्याच्या आत काय असतं

आधी थोडं तांदळाबद्दल. शेतातून येतं ते भात, काही ठिकाणी त्याला साळ म्हणतात. त्याच्यावर कडक तूस असतं. तूस काढलं की आत तपकिरी दाणा मिळतो. या तपकिरी दाण्यावर कोंड्याचा पातळ थर असतो आणि टोकाला इवलासा अंकुर. त्यांच्या आत जो पांढरा भाग आहे तो मुख्यतः स्टार्च. ऊर्जा आत, आणि जीवनसत्त्वांचा मोठा वाटा बाहेरच्या थरात. निसर्गाने पॅकिंग असं केलंय.

उखळ-मुसळाने सडलेल्या तांदळावर थोडा कोंडा राहतोच. त्यालाच आपण हातसडीचा तांदूळ म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या पसरल्या आणि कोंडा पार घासून काढणं स्वस्त आणि सोपं झालं. दाणा मोत्यासारखा चमकायला लागला.

यात गिरणीवाल्यांचा काही कट नव्हता बरं का. कोंड्यात तेल असतं, ते काही महिन्यांत खवट होतं. पॉलिश केलेला तांदूळ जास्त टिकतो, जहाजातून लांब पाठवता येतो, लवकर शिजतो, मऊ लागतो. शिवाय उखळात रोजचा तांदूळ सडणं हे बायकांच्या खांद्यांचे तुकडे पाडणारं काम होतं. गिरणी आली तेव्हा घरोघरी हायसंच वाटलं असणार. आणि पांढरा भात म्हणजे श्रीमंती, ही समजूत तर आधीपासून होतीच.

कोंड्याबरोबर जे गेलं त्याला आज आपण थायमिन म्हणतो, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. अन्नातल्या स्टार्चपासून ऊर्जा काढायला शरीराला ते लागतं. गंमत बघा, भात जितका जास्त खाल तितकं थायमिन जास्त लागतं, आणि पांढऱ्या भातात नेमकं तेच नसतं. शरीरात त्याचा साठाही फार नसतो, काही आठवड्यांत संपतो. मग पाय जड होतात, बधिर होतात, चालता येत नाही. काहींच्या अंगावर सूज चढते, हृदय मोठं होतं आणि एक दिवस बंद पडतं. बेरीबेरी हा शब्द सिंहली भाषेतून आला असं सांगतात, अर्थ साधारण ‘नाही जमत, नाही जमत’. उठायला गेलेला माणूस हेच म्हणत असणार.

एदोचा आजार

जपानमध्ये या आजाराला ‘काक्के’ म्हणतात. आजच्या टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे गिरण्या यायच्या आधीपासून, हाताने सडूनच, पांढरा भात खायची चैन होती. गावाकडे लोक बार्ली, इतर भरडधान्यं, कमी सडलेला तांदूळ खायचे. गावाकडचा सामुराई नोकरीसाठी एदोला आला की काही महिन्यांत त्याचे पाय जायचे, आणि गावी परतला की तो बरा व्हायचा. म्हणून लोकांनी नाव ठेवलं, एदोचा आजार. दोष हवेला, पाण्याला, दमट जमिनीला दिला जायचा.

हा गरिबांचा आजार नव्हता हे लक्षात घ्या. १४वा तोकुगावा शोगुन इएमोची १८६६ साली अवघ्या विसाव्या वर्षी गेला, तो काक्केनेच असं मानलं जातं. सम्राट मेइजीलाही या आजाराने छळलं होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या माणसांच्या ताटात सगळ्यात पांढरा भात होता.

मग आधुनिक सैन्य उभं राहिलं. खेड्यातल्या पोरांना भरती करताना एक मोठं आमिष होतं, रोज पांढरा भात मिळेल. लष्करात माणशी दिवसाला ६ गो तांदूळ मिळायचा, म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम. घरी बार्ली खाऊन वाढलेल्या पोरासाठी हा रोजचा सण होता.

इथे मी एक साधा हिशोब करून पाहिला. तपकिरी तांदळात १०० ग्रॅममागे साधारण ०.४ मिलिग्रॅम थायमिन असतं, पॉलिशच्या तांदळात ०.०७ च्या आसपास. म्हणजे ९०० ग्रॅमला तपकिरीत ३.६, पांढऱ्यात ०.६३. धुताना आणि शिजवताना त्यातलंही बरंच जातं. प्रौढ माणसाला दिवसाला १.२ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, कष्ट करणाऱ्याला आणि एवढा भात खाणाऱ्याला त्याहून जास्त. बरोबर डाळ, मांस, कडधान्य काहीच नसेल तर गणित जुळतच नाही. पोट भरलेलं आणि शरीर उपाशी.

ताकाकीची दोन जहाजं

ताकाकी कानेहिरो हा नौदलातला डॉक्टर. १८७५ ते १८८० अशी पाच वर्षं तो लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकला. परत आला तर नौदलात काक्केचा कहर चालू होता. त्याच्या लक्षात आलं की इंग्लंडमध्ये हा आजार आपण पाहिलाच नाही. अधिकाऱ्यांपेक्षा खलाशांना तो जास्त होतो. आणि जपानी जहाजं परदेशी बंदरात उभी असताना, खलाशी तिथलं जेवण जेवत असताना, आजार कमी होतो. एकाच जहाजावर, एकाच हवेत राहणाऱ्या माणसांत फरक होता तो ताटाचा.

मग र्‍यूजो नावाच्या प्रशिक्षण जहाजाची बातमी आली. १८८२-८३ मध्ये ते न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई अशी फेरी करून आलं. ३७६ माणसांपैकी १६९ जणांना काक्के झाला आणि २५ मेले. ताकाकीने थेट सम्राटापर्यंत जाऊन गळ घातली की दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवा, फक्त जेवण बदला. १८८४ मध्ये त्सुकुबा निघालं. मार्ग तोच. जेवणात मांस, पाव, आटवलेलं दूध वगैरे वाढवलेलं. परत आलं तेव्हा रुग्ण पंधराच्या आसपास, मृत्यू शून्य. ज्यांना झाला त्यातल्या बहुतेकांनी नवं जेवण धड घेतलंच नव्हतं.

खलाशांना पाव काही रुचला नाही. मग नौदलाने तांदळात बार्ली मिसळायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांत नौदलातला काक्के जवळजवळ नाहीसा झाला. आजही जपानच्या नौदलात शुक्रवारी करी आणि भात खायची पद्धत आहे. नौदलाने जेवणात मांस-भाज्या आणल्या, त्या काळाशी लोक तिचं नातं जोडतात.

आता महत्त्वाचं. ताकाकीचा उपाय बरोबर होता, पण त्याने दिलेलं कारण चूक होतं. त्याला वाटलं, जेवणात प्रथिनं कमी आणि कर्बोदकं जास्त, म्हणून आजार होतो. जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्याच्याकडे चालणारा उपाय होता, पण पटणारी थिअरी नव्हती.

चुकीचं मोजमाप

लष्कराने ही थिअरी उडवून लावली. जपानी लष्कराची वैद्यकीय मंडळी जर्मनीत शिकलेली, आणि तो काळ जंतूंचा होता. कॉखने क्षयाचा, कॉलऱ्याचा जंतू शोधलेला. प्रत्येक आजारामागे जंतू असणार असं वातावरण होतं. १८८५ मध्ये टोकियोच्या ओगाता नावाच्या प्राध्यापकाने काक्केचा जंतू सापडल्याची घोषणाही केली. तो अर्थातच नव्हता.

लष्करी डॉक्टरांमधलं एक मोठं नाव म्हणजे मोरी रिंतारो. ओगाई या नावाने तो जपानी साहित्यातला दिग्गज आहे. स्वतः कॉखच्या प्रयोगशाळेत शिकलेला, अत्यंत हुशार माणूस. १८८९ मध्ये मोरीने प्रयोग केला. सहा सैनिकांना आळीपाळीने पांढरा भात, बार्ली-भात आणि पाश्चात्त्य जेवण दिलं, प्रत्येकी आठ-आठ दिवस, आणि ऊर्जा नि प्रथिनांचा हिशोब मोजला. निकाल काय, तर पांढरा भात सर्वोत्तम.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचताना मला अगदी ओळखीचं वाटलं. डॅशबोर्डवर सगळे आकडे हिरवे आणि युजर मात्र ओरडतायत. मोजमाप अचूक होतं, पण मोजायची गोष्ट वेगळीच होती. शिवाय आठ दिवसांत थायमिन संपतच नाही. मोरीने जे मोजलं त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यातून त्याने जो धीर घेतला, तो हजारोंना भोवला.

१८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात लष्कराने रणांगणावर पांढरा तांदूळ पाठवला. लढाईत जपानचे हजाराच्या आसपास सैनिक मेले. काक्केने सुमारे चार हजार. नौदलात जवळपास कोणीच नाही. तरीही धोरण बदललं नाही. खरं तर लष्कराच्या आतही लोकांना दिसत होतं. ओसाकाच्या छावणीतल्या एका डॉक्टरने १८८४ मध्येच पाहिलं होतं की तुरुंगातल्या कैद्यांना बार्ली-भात मिळतो आणि त्यांना काक्के होत नाही. त्याने आपल्या छावणीत बार्ली सुरू केली, आजार ओसरला. पण वरून प्रश्न यायचा, यामागची यंत्रणा सांगा. आणि सैनिकांचाही बार्लीला विरोध होता, ते गरिबांचं आणि कैद्यांचं खाणं. देशासाठी मरायला निघालेल्या पोराला कैद्याचं जेवण कसं द्यायचं?

दहा वर्षांनी रशियाशी युद्ध झालं आणि तेच सगळं मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडलं. मार्च १९०५ मध्ये युद्धमंत्री तेराउचीने अखेर तांदळात बार्ली मिसळायचा हुकूम काढला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सगळं खापर एकट्या मोरीवर फोडायची पद्धत आहे, पण ते मला बरोबर वाटत नाही. त्याच्या वरही अधिकारी होते, पुरवठा खातं होतं, युद्धाच्या धामधुमीत तांदूळ पोचवणं हेच दिव्य होतं. पण एक गोष्ट उरतेच. ‘का’ कळेपर्यंत ‘काय चालतं’ हे मानायचं नाही, असा हट्ट केला गेला. आणि त्या हट्टाची किंमत हट्ट करणाऱ्यांनी मोजली नाही.

जावाच्या कोंबड्या

आता नकाशावर खाली या. आजचा इंडोनेशिया, तेव्हाचं डच ईस्ट इंडीज. तिथेही डच सरकार हैराण होतं, सैनिक बेरीबेरीने मरत होते. १८८६ मध्ये जंतू शोधायला एक पथक गेलं. त्यातला तरुण डॉक्टर क्रिस्तियान आइकमन बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, मागे राहिला. प्रयोगशाळेत कोंबड्या होत्या. १८८९ मध्ये त्या अचानक लंगडायला, पडायला लागल्या. जंतू टोचलेल्याही आणि न टोचलेल्याही. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या.

शोध घेतल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्याने सांगितलं, लष्कराचा भात मी सिव्हिलियन कोंबड्यांना देणार नाही. झालं, कोंबड्या परत साध्या, न पॉलिश केलेल्या तांदळावर आल्या आणि उड्या मारायला लागल्या. एका स्वयंपाक्याच्या नियमबाजीने विज्ञान पुढे सरकलं!

मग फोर्डरमान नावाच्या आरोग्य निरीक्षकाने जावातल्या १०१ तुरुंगांची पाहणी केली. पावणेतीन लाखांहून जास्त कैदी. जिथे कमी सडलेला तांदूळ होता तिथे दहा हजारांत जेमतेम एकाला बेरीबेरी, आणि जिथे पांढरा तांदूळ होता तिथे ३९ जणांत एकाला. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, गर्दी किती, हे सगळं तपासलं, त्याने फरक पडत नव्हता.

आइकमनचंही स्पष्टीकरण चुकलंच. त्याला वाटलं, पांढऱ्या भागात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. १९०१ मध्ये त्याचा सहकारी गेरिट ग्राइन्सने मुद्दा उलटा मांडला. विष वगैरे काही नाही, काहीतरी कमी पडतंय. शरीराला लागणारा एखादा पदार्थ कोंड्याबरोबर निघून जातोय. आजार ‘असण्यामुळे’ नाही, ‘नसण्यामुळे’ होतो. त्या काळाच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला.

उकड्या तांदळाचं रहस्य

आणि आता गोष्ट आपल्या घराजवळ येते.

ब्रिटिश मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, कथलाच्या खाणींत चिनी मजूर होते आणि मळ्यांवर तमिळ मजूर. दोघंही गरीब, दोघंही भातावर जगणारे. चिनी मजुरांत बेरीबेरीचं थैमान, तमिळ मजूर जवळजवळ सुरक्षित. ब्रॅडन नावाच्या सरकारी डॉक्टरच्या हे लक्षात आलं. फरक एकच होता, तमिळ लोक उकडा तांदूळ खात होते.

उकडा तांदूळ म्हणजे काय हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. भात तुसासकट भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग सडायचं. दाणा लालसर-पिवळसर, जाड, वासाला उग्र. सकाळची पेज त्याचीच.

ब्रॅडनलाही वाटलं की साठवलेल्या कच्च्या तांदळात विष तयार होतं. पुन्हा उत्तर बरोबर, कारण चूक. तोवर १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात फ्लेचर नावाच्या डॉक्टरने चाचणी घेतली. रुग्णांना रांगेत उभं केलं, नंबर दिले. विषम नंबर एका इमारतीत, सम नंबर दुसऱ्या इमारतीत. एका गटाला पांढरा तांदूळ, दुसऱ्याला उकडा. मध्येच इमारतींची अदलाबदलही केली, जागेचा परिणाम नको म्हणून. आपण आज ज्याला ए-बी टेस्ट म्हणतो, तीच ही. प्रत्येक गटात १२०च्या आसपास माणसं. पांढऱ्या तांदळाच्या गटात तिसाहून जास्त आजारी पडले आणि १८ मेले. उकड्याच्या गटात फक्त दोन रुग्ण, तेही आजार घेऊनच आलेले. मृत्यू शून्य.

ही चाचणी वाचताना कौतुक वाटतं आणि पोटात गोळाही येतो. त्या १८ जणांना कोणी विचारलं नव्हतं. ‘तुमच्या ताटात काय वाढायचं’ हा प्रश्न त्यांच्या नंबरावर ठरला.

उकड्या तांदळात नेमकं काय होतं हे आता आपल्याला माहितीये. थायमिन पाण्यात विरघळतं. भात तुसासकट भिजवून वाफवलं की कोंड्यातलं थायमिन आतल्या पांढऱ्या भागात झिरपतं. मग गिरणीने कोंडा कितीही घासला तरी बराचसा ऐवज आत बसलेला. आमच्या भाषेत, मूळ डिस्क काढायच्या आधीच बॅकअप घेतलेला!

ही पद्धत कोकण, गोवा, केरळ, तमिळनाडू, बंगालमध्ये कैक पिढ्यांची. या लोकांना जीवनसत्त्व माहीत होतं का? नाही. उकड्याचा दाणा सडताना तुटत नाही, कीड कमी लागते, पोटाला आधार देतो, एवढी कारणं त्यांना पुरेशी होती. म्हणून मी ‘आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं’ असं म्हणणार नाही. पण त्यांची सवय चालत होती, आणि ती का चालते हे कळायच्या आधीच तिने माणसं वाचवली.

भारतातही हा फरक दिसला. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे लोक गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खात, तिथे बेरीबेरी होता. उकडा खाणाऱ्या भागांत नव्हता. १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसनने एका खोलीत बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला. त्याच खोलीची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आणि १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं केंद्र आपल्या वर्ध्यात. हातसडीच्या तांदळाचा आग्रह हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. चरखा सगळ्यांना माहितीये, उखळाची गोष्ट मागे पडली.

शेवटी नाव मिळालं

१९१० मध्ये जपानच्या सुझुकी उमेतारोने कोंड्यातून तो पदार्थ वेगळा करत आणला. पण त्याचं काम जपानीत छापलेलं, बाहेर फारसं पोचलं नाही. १९१२ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या काझिमिर फुंकने अशा पदार्थांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. १९२६ मध्ये बटाव्हियातच यान्सन आणि डोनाथ यांनी त्याचे शुद्ध स्फटिक काढले. आणि १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्सने ते प्रयोगशाळेत बनवलं. हा विल्यम्स जन्मला आपल्या नेल्लोरला, मिशनरी आईबापांच्या पोटी, आणि मनिलात असताना या शोधाला लागला होता.

१९२९ चं नोबेल आइकमनला मिळालं, हॉपकिन्सबरोबर. ग्राइन्सला नाही, सुझुकीला नाही. ताकाकी तर १९२० मध्येच वारला होता. त्याला बॅरन केलं तेव्हा लोक चेष्टेने ‘बार्ली बॅरन’ म्हणायचे. अंटार्क्टिकात मात्र एका भूशिराला ताकाकीचं नाव आहे, आसपासच्या जागांना आइकमन, फुंक वगैरे जीवनसत्त्वाच्या शोधकांची नावं आहेत. आणि मोरी? १९०८ मध्ये काक्केच्या संशोधनासाठी सरकारी समिती नेमली, तिचा अध्यक्ष तोच होता. तो १९२२ मध्ये गेला. समितीचं काम १९२४ मध्ये आटोपलं तेव्हा उत्तर ठरलेलं होतं, जीवनसत्त्वाची कमतरता.

मग आज काय?

‘म्हणजे आता पांढरा भात बंद?’ असा मेसेज तुम्ही टाइप करत असाल तर थांबा. जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं पोट तांदूळ भरतो. इडली, भाकरी, पोहे, पुलाव, सुशी, खीर, हे सगळं एकाच दाण्यातून होतं. तांदूळ वाईट असता तर माणूस हजारो वर्षं त्यावर टिकला नसता. मारलं ते भाताने नाही. भाताचा बाहेरचा थर काढून, त्याच्या जोडीला काहीच न देता, फक्त तोच खायला लावल्याने मारलं. वरण-भात, आमटी-भात, उसळ, मासे, शेंगदाण्याची चटणी, या जोड्यांत ती भरपाई होते. म्हणून तुमच्या-माझ्या ताटाला सहसा धोका नाही.

धोका ज्यांच्या ताटात जोडीला काही नाही त्यांना आहे. गेल्या काही वर्षांत काश्मीरमधल्या डॉक्टरांनी अशी तान्ही बाळं पाहिली की ज्यांचं हृदय अचानक हरू लागलं होतं, आणि थायमिनचं इंजेक्शन दिल्यावर ती झपाट्याने सावरली. आया मुख्यतः पॉलिशचा, पुन्हा पुन्हा धुतलेला भात खाणाऱ्या. बाळंतपणात त्यांच्या खाण्यावर आणखी बंधनं. बाळ आईच्याच दुधावर. इतिहास संपला असं म्हणता येत नाही, तो असा घरात येऊन बसतो.

२०२१ मध्ये आपल्या सरकारने रेशनचा तांदूळ फोर्टिफाइड करायचं जाहीर केलं. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालतात, थायमिन घालणं बंधनकारक नाही. यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि असावेत. पण त्या वादात एक प्रश्न विचारायला हवा. दाण्यातून आपण आधी काय काढतोय, आणि मग बाहेरून काय घालतोय?

तुमच्यापुरतं सांगायचं तर तीन साध्या गोष्टी. तांदूळ एक-दोनदा धुवा, पाणी काचेसारखं होईपर्यंत नको. जास्तीच्या पाण्यात शिजवत असाल तर ती पेज ओतू नका, मीठ घालून प्या. आणि होस्टेल किंवा मेसमध्ये महिना-महिना भात आणि पातळ पाण्यासारखं वरण एवढंच मिळत असेल, तर जोडीला मूठभर शेंगदाणे किंवा मोडाची कडधान्यं ठेवा. घरी कोणी आजारी, अशक्त असेल, पाय बधिर होत असतील, तर मात्र पॉडकास्ट ऐकून उपाय करू नका, डॉक्टरकडे जा.

मला स्वतःला या सगळ्यातून त्या ओसाकाच्या छावणीतला डॉक्टर सगळ्यात जास्त आठवतो. त्याच्याकडे थिअरी नव्हती, परदेशी डिग्रीचा रुबाब नव्हता. त्याने कैद्यांच्या ताटाकडे नीट पाहिलं आणि आपल्या पोरांचं ताट बदललं. वर बसलेले लोक पुरावा मागत होते, आणि पुरावा चालत-फिरत त्यांच्याच बराकीत होता.

तुमच्या घरी उकडा किंवा हातसडीचा तांदूळ खातात का, पेजेबरोबर काय घेतात, मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर पोटभर जेवा!